गाडी चार्जिंग करत नाही? नवी बॅटरी घेण्याआधी हे मोजून बघा

नांदेडहून लातूरला परत येत होतो. नोव्हेंबरची रात्र, गाडीत आई, बायको आणि मागच्या सीटवर झोपलेली दोन लेकरं. लोहा सोडलं तेव्हा हेडलाइट जरा पिवळट वाटले. पुढं उसाची ट्रॉली चालली होती, तिच्या धुळीमुळं असेल असं समजलो. माळाकोळीच्या पुढं इंडिकेटर दिला की टेपचा आवाज बसायला लागला. अहमदपूरच्या अलीकडं स्टिअरिंग एकदम जड झालं, मीटरवर तीन-चार दिवे एका वेळी पेटले आणि दोन आचके देऊन गाडी बंद पडली. सेल्फ मारला तर नुसतं कट-कट.

त्या गाडीत बॅटरी नवी होती. बाराच दिवसांपूर्वी, सकाळी गाडी सुरू झाली नाही म्हणून एका दुकानात नेली आणि त्यांनी बघता क्षणी "बॅटरी गेली" सांगून नवी बसवली होती. अहमदपूरच्या प्रसंगानंतर दुसऱ्या गॅरेजनं "डायनामो गेला, नऊ हजार" सांगितलं. पैसे द्यायच्या आधी शेजाऱ्यानं मला एका म्हाताऱ्या वायरमनकडं पाठवलं. चाचांनी गाडी चालू ठेवून व्होल्ट मोजायचं मीटर आधी बॅटरीवर लावलं: १२.२ व्होल्ट. मग अल्टरनेटरच्या, म्हणजे त्याच डायनामोच्या, मागच्या बोल्टवर लावलं: १४.४. "मोटर पाणी ओढतीय भाऊ, पाइप चोंदलाय," एवढंच म्हणाले. इंजिन बंद करून, बॅटरीचं मायनस काढून त्यांनी मागच्या बोल्टवरचं रबरी टोपण सरकवलं. नट बोटानं फिरत होता. वायरचं थिंबल (टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) जळून काळं पडलं होतं. नवं थिंबल दाबून बसवलं, बोल्ट घासला, नट आवळला. दीडशे रुपये.

म्हणजे जुनी बॅटरी चांगली होती, डायनामोही चांगला होता. चार हजार फुकट गेले आणि लेकरांना घेऊन रात्री दीड तास रस्त्याच्या कडेला थांबावं लागलं. तेव्हापासून ओळखीच्या पंधरा-वीस गाड्या मी स्वतः मोजून बघितल्या. कुणालाही जमतील असे हे टप्पे त्यातूनच तयार झाले. क्रम मोडू नका. सोपं आणि फुकटचं आधी, महागडं शेवटी, असाच तो लावला आहे.

दोन मिनिटांत सिस्टिम समजून घ्या

चाचांची विहिरीची उपमा मला इतकी पटली की तीच पुढं नेतो. बॅटरी म्हणजे हौद. अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडं अजून डायनामोच म्हणतात, ती विहिरीवरची मोटर. तिला इंजिन बेल्टच्या जोरावर फिरवतं. अल्टरनेटरच्या मागून बॅटरीकडं येणारी जाड वायर ही पाइपलाइन. आत डायोड असतात. ते एसी वीज डीसी करतात आणि वीज उलटी फिरू देत नाहीत, म्हणजे ते फूटव्हॉल्व्ह. फूटव्हॉल्व्ह गळका असला तर रात्रीतून पाइप रिकामा होतो, तसा गळका डायोड रात्रीतून बॅटरी उतरवतो. रेग्युलेटर हा व्हॉल्व्ह पिळणारा माणूस, हौद भरत आला की पाणी कमी करणारा.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नव्या पंपाला सुरुवातीला वरून पाणी भरून द्यावं लागतं, नाहीतर तो नुसता फिरतो. अल्टरनेटरचंही तसंच आहे. चावी फिरवल्यावर एका बारीक वायरनं त्याला थोडी वीज बॅटरीकडूनच मिळते, तेव्हा तो जागा होतो. ही वायर तुटली तर सगळं धड असूनही चार्जिंग शून्य.

काय जवळ हवं

- डिजिटल मल्टिमीटर. तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो, पिवळा साधासुद्धा चालतो.
- १० नंबरचा पाना (बहुतेक टर्मिनलला हाच लागतो), शिवाय १२ आणि १३.
- पॉलिश पेपर किंवा वायर ब्रश, खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, गरम पाणी.
- टॉर्च, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा.
- शेवटी टर्मिनलला लावायला व्हॅसलिन.

कागदांपैकी बॅटरीचं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड आधी शोधा. गाडीचं माहितीपुस्तक हाताशी ठेवा, फ्यूजचा तक्ता त्यातच असतो. विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतली असेल तर तो नंबर फोनमध्ये टाकून ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ लावा, हा नंबर चोवीस तास चालतो.

आता जिवाची गोष्ट. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पाना आणि कडं मिळून प्लस-मायनस जोडले गेले तर कडं तापून लाल होतं आणि कातडीला चिकटतं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट, काडी काही नको. इंजिन चालू असताना गमछा, ओढणी, सैल बाही बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा न सांगता चालू होतो, इंजिन बंद असलं तरी. टर्मिनल काढताना नेहमी मायनस आधी, लावताना मायनस शेवटी.

## १. लाल दिवा काय सांगतो ते बघा

चावी फिरवा, सेल्फ मारू नका. डॅशबोर्डच्या मीटरवर बॅटरीचा लाल दिवा पेटला पाहिजे. इंजिन सुरू झालं की तो विझला पाहिजे.

चावीवर पेटलाच नाही, तर जुन्या धाटणीच्या गाडीत तो दिवाच उडालेला असू शकतो किंवा ती बारीक वायर तुटलेली असू शकते. अशा गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारी वीज त्या दिव्यातूनच जाते, त्यामुळं चार-आण्याच्या दिव्यापायी अख्खं चार्जिंग बंद पडतं. इंजिन चालू असताना पेटलेला राहिला तर चार्जिंग नाही हे नक्की. मंद मिणमिणत असेल तर डायोड किंवा कार्बनचा (अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला घासून वीज पोचवणाऱ्या छोट्या ब्रशचा) संशय धरा.

पण दिवा विझला म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. माझा हा दिवा गाडी बंद पडेपर्यंत विझलेलाच होता. अल्टरनेटर वीज तयार करतोय की नाही एवढंच तो बघतो. ती बॅटरीपर्यंत पोचते का, हे त्याला कळत नाही.

## २. बंद गाडीत बॅटरी मोजा

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी दार-दिवा काहीही न लावता मोजा. मीटर डीसी २० वर, लाल टोक प्लसला, काळं मायनसला. टोक वायरच्या क्लॅम्पवर न ठेवता बॅटरीच्या शिसाच्या खुंटीवर ठेवा.

१२.६ किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे उतरलेली, आधी बाहेर चार्ज करून घ्या, मगच पुढचे टप्पे. १०.५ च्या आसपास अडकून राहिली, चार्ज करूनही वर येईना, तर सहापैकी एक सेल गेला असण्याची शक्यता जास्त.

मग दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडं लक्ष ठेवा. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली गेला, आणि बॅटरी आधी भरलेली होती, तर बॅटरी थकली आहे.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढं जातो. बॅटरी खरी मरते ती त्या उन्हात: पाणी उडतं, आतल्या प्लेटा झिजतात. पण कळतं डिसेंबरात, परभणी-नांदेडकडं पहाटे कडाका पडतो तेव्हा. थंडीत इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो आणि अर्धमेली बॅटरी उघडी पडते. लोक थंडीला दोष देतात. म्हणून झाकणं उघडता येणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघा. भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नको, आरओचंही नको, आणि दुकानात कुणी "थोडं ॲसिड टाकू का" म्हणालं तर नाही म्हणा. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

## ३. टर्मिनल आणि बॉडी अर्थ

टर्मिनल हातानं हलवून बघा. जरा जरी हललं तरी तिथंच थांबा आणि ते आधी दुरुस्त करा. पांढरा-हिरवा क्षार साठला असेल तर मायनस काढा, मग प्लस, सोडा घातलेलं गरम पाणी टूथब्रशनं लावा. फसफसून उठेल. झाकणाच्या भोकातून ते पाणी आत जाऊ देऊ नका. कोरडं करा, खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन लावा. आधी लावलंत तर सांध्यात चिकटा राहतो.

मायनसची वायर जिथं बॉडीला आणि गिअरबॉक्सला बोल्टनं बसवलेली असते ती जागा, म्हणजेच बॉडी अर्थ, शोधा. काळ्या मातीच्या पांदीतून जाणाऱ्या गाड्यांत हा बोल्ट चिखलानं भरून गंजतो, आणि वरून सगळं नवंकोरं दिसतं. बोल्ट काढून खालचा पत्रा घासा.

बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत टेप कोड मागतो आणि काचांचं आपोआप वर जाणं विसरतं. कोड आधीच लिहून ठेवा.

## ४. बेल्ट

इंजिन बंद. बेल्टच्या लांब भागावर अंगठ्यानं दाबा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर बरा. लोंबत असेल, तडे गेले असतील, आतली बाजू काचेसारखी चमकत असेल, तर तो घसरतोय. सकाळी सुरू करताना किंवा एसी लावताना चीं-चीं आवाज येतो तो याचाच. बेल्टवर पावडर, साबण, तेल काही लावू नका, आवाज दोन दिवस थांबतो आणि घसरण वाढते. नव्या गाड्यांत ताण देणारी आपोआप चालणारी पुली असते. तिथं दाबून बघण्यापेक्षा पुलीची आणि तिच्या बेअरिंगची अवस्था बघा.

बेल्ट तुटलेला असेल तर गाडी पुढं नेऊ नका. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, दोन-चार किलोमीटरांत इंजिन तापतं. आणि काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच बसवलेला असतो. तिथं बेल्ट गेला की ब्रेक दगडासारखा होतो. घाटात असाल तर काय होईल, सांगायला नको.

## ५. चालू गाडीत मोजा

इंजिन सुरू करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, पुन्हा बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ च्या मध्ये आकडा हवा. भर उन्हात, तापलेल्या इंजिनवर १३.६ दिसलं तरी घाबरू नका, तापलेला रेग्युलेटर मुद्दाम थोडं कमी देतो. मग हेडलाइट, एसीचा पंखा पूर्ण, मागची काच तापवायचं बटण, सगळं लावा आणि ॲक्सिलेटर जरा दाबून धरायला सांगा. १३.२ च्या वर टिकलं तर अल्टरनेटरमध्ये दम आहे.

आकडा सुरू होण्याआधी होता तेवढाच राहिला, तर चार्जिंग नाहीच. टप्पा ६ आणि ७ कडं चला. आकडा १५ च्या पुढं गेला, तर उलट आजार: रेग्युलेटर गेलाय, बॅटरी उकळतेय. सडक्या अंड्यासारखा वास आला तर लगेच बंद करा, असं एक दिवसही चालवू नका. दिवे आणि कॉम्प्युटर दोन्ही जातील.

नव्या बीएस-६ गाड्यांचं थोडं वेगळं आहे. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर किती वीज देणार हे इंजिनचा कॉम्प्युटर ठरवतो. मायनस टर्मिनलवर एक चौकोनी सेन्सर बसवलेला दिसला तर तुमची गाडी त्यातली समजा. बॅटरी भरलेली असेल तर तिथं काही वेळ १२.६-१२.८ दिसणं हा बिघाड नाही. हेडलाइट लावून, दहा मिनिटं थांबून पुन्हा बघा. कितीही थांबलं तरी वर येत नसेल तरच संशय घ्या. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीत साधी बॅटरी बसवू नका, तिला वारंवार बंद-चालू सोसणारी ईएफबी किंवा एजीएम जातीचीच लागते.

इथला मोठा सापळा. "चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून बघ, गाडी बंद पडली तर डायनामो गेला", हा सल्ला तुम्हाला दहापैकी सात जण देतील. करू नका, कुणाला करूही देऊ नका. खऱ्या डायनामोच्या काळात, गाडीत कॉम्प्युटर नव्हता तेव्हा, ते खपून जायचं. आज चालू अल्टरनेटरवरून बॅटरी अचानक काढली की क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळतं. त्यात डायोड, रेग्युलेटर आणि इंजिनचा कॉम्प्युटर जाऊ शकतो. म्हणजे कार्बनच्या दुरुस्तीची गाडी पंधरा-वीस हजारांवर जाते. मीटरला दोन सेकंद लागतात. ज्याच्याकडं मीटर नाही त्याच्याकडं या कामाला गाडी नेऊच नका.

## ६. वीज वाटेत कुठं गळते

हा टप्पा कुणीच करत नाही आणि माझं घोडं इथंच अडलं होतं, म्हणून नीट सांगतो.

इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू. मीटरचं लाल टोक अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर ठेवा. काळं टोक बॅटरीच्या प्लस खुंटीवर. हो, दोन्ही टोकं प्लसवरच. वाटेत किती व्होल्ट हरवतात ते मीटर थेट दाखवतं. ०.२-०.३ पर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट किंवा जास्त म्हणजे वाटेत कुठंतरी अडथळा आहे. माझ्या गाडीत २.२ होता.

आता दुसरी बाजू. लाल टोक अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर, काळं बॅटरीच्या मायनस खुंटीवर. उणे चिन्ह दिसलं तर हरकत नाही, आकडा बघा. ०.२ च्या आत हवा. जास्त असेल तर टप्पा ३ मधला अर्थचा बोल्ट पुन्हा उघडा.

प्लसच्या बाजूला गळती निघाली तर क्रमानं शोधा: मागचा नट, थिंबल, मधला मोठा फ्यूज (८० ते १२० ॲम्पिअरचा, बहुधा बॅटरीशेजारच्या काळ्या डब्यात बोल्टनं बसवलेला), शेवटी बॅटरीचा क्लॅम्प. एकेका सांध्याच्या अलीकडं-पलीकडं टोकं ठेवली की ज्या सांध्यावर आकडा उडी मारतो तोच चोर. थिंबलजवळ वायरचं आवरण कडक, तपकिरी झालेलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवं थिंबल बसवा. नुसता नट आवळून भागत नाही, जळालेलं तांबं पुन्हा तापतं. मागच्या नटाला पाना लावायच्या आधी बॅटरीचं मायनस काढलंच पाहिजे. त्या बोल्टवर बॅटरीची पूर्ण वीज कायम असते, पाना बॉडीला टेकला की वेल्डिंग होतं.

## ७. फ्यूज आणि बारीक वायर

अल्टरनेटरच्या बोल्टवर १४ च्या वर आणि बॅटरीवर १२, आणि सांधे सगळे घट्ट, तर मोठा फ्यूज उडालेला असणार. बॅटरी उलटी लावली किंवा जंपरची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज घ्यायच्या वायरींची) टोकं चुकून उलटी लागली की आधी तोच जातो. त्याच्या जागी साधी तार गुंडाळणारे लोक आहेत. पुढच्या वेळी मग वायरिंगच पेटतं.

बोल्टवरच १२ असेल तर मागचा दोन किंवा तीन पिनांचा सॉकेट काढून बघा. पिन हिरवी पडली आहे का, वायर तुटली आहे का? ज्यांची गाडी सोयाबीनच्या पोत्यांशेजारी शेडमध्ये किंवा आखाड्यावर उभी असते त्यांनी इथं टॉर्च मारून नीट बघावं. उंदीर बॉनेटच्या उबेला येतात आणि नेमकी ही बारीक वायर कुरतडतात. सुगीनंतरच्या दोन महिन्यांत मी अशा तीन गाड्या बघितल्या. तिन्हींना डायनामो बदलायला सांगितला होता.

जुन्या धाटणीच्या गाडीत चावी चालू करून एल खुणेच्या वायरवर मीटर लावा. व्होल्ट दिसायला हवेत. वायरवर वीज आहे, सांधे ठीक आहेत, बेल्ट घट्ट आहे आणि तरी चार्जिंग नाही, आता अल्टरनेटरच्या आत बिघाड आहे असं म्हणायला हरकत नाही. कॉम्प्युटरवाल्या गाडीत मात्र इथं थांबा आणि स्कॅनर असलेल्या माणसाकडं न्या.

## ८. दिवसा चार्ज होते, रात्रीतून उतरते

हा चार्जिंगचा बिघाड नाही, पण दिसतो तसाच. जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, थेट बॅटरीवरून घेतलेला ॲम्प्लिफायर, डिकीचा न विझणारा दिवा, हे नेहमीचे गुन्हेगार. नोकरी पुण्याला आणि गाडी गावाकडं, असं असेल तर काहीही बिघाड नसताना महिन्याभरात बॅटरी बसू शकते. गावी कुणालातरी आठवड्यातून एकदा तासभर गाडी फिरवायला सांगा, नाहीतर मायनस काढून ठेवा. जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून फार काही भरत नाही.

गळती मोजायची तर सगळं बंद, चावी लांब ठेवा, उघड्या दाराचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरनं दाबून बंद केल्यासारखं करा, म्हणजे गाडीला दार लागलंय असं वाटेल. मीटरचं लाल टोक १० ॲम्पिअरच्या भोकात घाला, मायनस केबल काढा आणि केबल व खुंटीच्या मध्ये मीटर जोडा. अर्धा तास थांबा, गाडीतले कॉम्प्युटर झोपायला वेळ लागतो. ०.०५ च्या आत आलं तर ठीक. ०.५ असेल तर दिवसाला १२ ॲम्पिअर-तास जातात, आणि ३५ ची बॅटरी दोन दिवसांत सेल्फ उचलत नाही. एकेक फ्यूज काढत जा. ज्यावर आकडा पडतो त्या वाटेवर गळती आहे. कुठल्याच फ्यूजनं पडला नाही तर मीटर काढा, मायनस सुटाच ठेवून अल्टरनेटरची जाड वायर सोडा, तिचं टोक टेपनं गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता पडला? डायोड गळका आहे.

दोन इशारे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळतो. आणि मोजून झालं की लाल टोक परत व्होल्टच्या भोकात घाला. विसरून तसंच बॅटरीला लावलं की थेट शॉर्ट होतो.

डायोडसाठी एसी व्होल्ट मोजायला सांगतात, अर्ध्या व्होल्टच्या वर म्हणजे खराब. ते खरं आहे, पण पिवळ्या स्वस्त मीटरवर करू नका. त्यात एसी २०० पासून सुरू होतं आणि डीसीवर लावलं की ते भलताच मोठा आकडा दाखवतं. त्यावरून चांगला अल्टरनेटर बदललेले मला माहीत आहेत.

## ९. अल्टरनेटर काढायची वेळ आली तर

पूर्ण नवा घ्यायची गरज दरवेळी नसते. कार्बन झिजणं हा सगळ्यात साधा बिघाड, काही शे रुपयांत होतो. रेग्युलेटर आणि डायोड प्लेट वेगवेगळ्या मिळतात. घुर्र आवाज असेल तर बेअरिंग. आतली कॉइल जळून काळी झाली असेल, वास येत असेल, तर मात्र नव्याचा किंवा चांगल्या रिबिल्टचा विचार करा.

दुकानात हे आवर्जून करा: काढायच्या आधी तुमच्यासमोर मोजायला सांगा. काय बदललं ते बिलावर लिहून घ्या, जुने भाग पिशवीत परत मागा. गाडीत बसवायच्या आधी टेबलावर फिरवून, लोड देऊन दाखवायला सांगा. चांगला कारागीर यानं रागावत नाही. आणि मूळचा जितक्या ॲम्पिअरचा होता तितक्याचाच बसवा.

बॅटरी बदलावी लागलीच तर ॲम्पिअर-तास आणि टर्मिनलची बाजू, डावी की उजवी, जुनीसारखीच घ्या. वॉरंटीचे दोन भाग असतात: पहिले महिने फुकट बदली, नंतरचे महिने नुसती सवलत. विकणारा दोन्ही मिळून एक मोठा आकडा सांगतो, फुकटचा भाग किती ते विचारा. कार्डावर तारीख आणि शिक्का दुकानातच मारून घ्या. लक्षात ठेवा, गाडी चार्जिंग करत नाही म्हणून उतरलेली बॅटरी वॉरंटीत बदलत नाहीत, चार्ज करून परत देतात. जुनी बॅटरी दुकानातच द्या, तिचे पैसे वजा होतात. भंगारवाल्याला दिली तर ॲसिड नालीत ओततात, आणि आपल्याकडं नालीचं पाणी शेवटी कुणाच्या तरी विहिरीत मुरतं.

उतरलेली बॅटरी अल्टरनेटरवर भरत बसू नका. आधी बाहेर, बॅटरीवाल्याकडं सावकाश चार्ज करा. ३५ ची असेल तर साडेतीन ॲम्पिअरनं दहा-बारा तास. "तासाभरात देतो" म्हणणारा जोराचा करंट देऊन प्लेटा वाकवतो.

## १०. वाटेतच लाल दिवा पेटला तर

एसी, पंखा, टेप, फोनचं चार्जिंग, सगळं बंद. इंजिन बंद करू नका, परत सुरू होणार नाही. पाण्याचा काटा वर चढतोय का बघत राहा, चढला तर बेल्ट गेलाय, लगेच थांबा. दिवसा, बॅटरी भरलेली असेल तर पेट्रोल गाडी तासभर तरी ओढते. रात्री नुसते दोन हेडलाइट नऊ-दहा ॲम्पिअर खातात, त्यामुळं वेळ निम्माच धरा. पुढच्या गावापर्यंत, उजेडाच्या पेट्रोल पंपापर्यंत जा. घरापर्यंत जायचा हट्ट धरू नका. स्टिअरिंग जड व्हायला लागलं की मिनिटं उरलीत असं समजा.

जंपर लावताना: लाल आधी तुमच्या प्लसला, मग मदतीच्या गाडीच्या प्लसला. काळी मदतीच्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या टोकाला ठिणगी पडते, ती हायड्रोजनजवळ नको.

दुरुस्ती झाल्यावर तीन आकडे घ्या आणि वॉरंटी कार्डाच्या मागं तारखेसह लिहा: सकाळी बंद गाडीत, चालू गाडीत, आणि सगळं लोड लावून. माझ्या कार्डावरची शेवटची ओळ १२.६, १४.३, १४.० अशी आहे. पुढची ओळ दसऱ्याला लिहायची, गाडी धुऊन हार घालायच्या आधी.